दोघी वाळत गेलो

"तू काय खातीस गं?" असं हल्ली बाया मला विचारतात. ब्लाउजाचं माप द्यायला येतात, माझ्याकडं वरून खाली बघतात आणि विचारतात. मी सांगते. भात नाही, भाकरी नाही, साखर नाही. अंडी, भाज्या, ताक, मासे, शेंगदाणे. त्या मान डोलावतात आणि जातात. पण हे अर्धंच सांगणं झालं. उरलेलं अर्धं सांगायला बसलं तर माप राहून जातं, म्हणून लिहून काढते आहे.

चष्म्याचा नंबर

आमचं घर विंझरला, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. आमचे हे टेम्पो चालवतात, नसरापूरहून दुकानांचा माल आणून गावोगाव टाकतात. शेती थोरले दीर बघतात, त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांची बायको ती आमची अक्का, माझी थोरली जाऊ. वर सासूबाई, म्हणजे आत्याबाई. सगळ्यांचं एकाच चुलीवर.

त्या वर्षी लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडला होता आणि मला सुईत दोरा ओवता येईना. एक दिवस स्वच्छ दिसायचं, दुसऱ्या दिवशी सगळं धुरकट. वाटलं, चाळिशी लागली. आधीच एक चष्मा करून घेतला होता, तो महिन्याभरात निकामी वाटायला लागला. माहेर माझं भाटघरला. तिथं गेले होते तेव्हा वहिनी म्हणाली, "चला वन्सं, भोरात डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत, दुसरा नंबर काढून घेऊ."

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चष्मा आज देत नाही. आधी रक्तातली साखर तपासून या. साखर वरखाली होते तसा तुमचा नंबर बदलतोय."

मला हसू आलं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी गोड फारसं खातच नाही."

"भात खाता ना?"

"भात तर खातोच की. वेल्ह्याकडचे आम्ही."

त्यांनी रक्त तपासायची चिठ्ठी लिहून दिली.

रक्ताचा रिपोर्ट घेऊन आम्ही त्याच आळीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी कागदावरून नजर वर करून आधी माझ्या वजनाकडं बघितलं, म्हणजे माझ्याकडंच. मी तेव्हा चांगली जाडजूड होते. बसून काम, चार वेळचा गोड चहा. त्या म्हणाल्या, "शोभाताई, ही साखर आजकालची नाही. बरीच वर्षं अंगात असणार. डोळ्याच्या पडद्यावर थोडं झालंय. ते आता आहे तिथं थांबवायचं, एवढंच आपल्या हातात."

"आणि झालंय ते?"

"ते मागं जाईलच असं मी म्हणणार नाही."

भोरच्या स्टँडवर आलो. तिथं उसाचा रस प्यायल्याशिवाय आम्ही नणंदा-भावजया कधी गाडीत बसलेलो नाही. वहिनीनं सवयीनं दोन ग्लास सांगितले, मग तिला आठवलं आणि ती कानकोंडी झाली. मी म्हटलं, "पी तू." ती म्हणाली, "मला पण नको." रसवाला दोन्ही ग्लास हातात धरून उभा राहिला. त्या क्षणी मला पहिल्यांदा रडू आलं. डोळ्याचं ऐकून आलं नव्हतं, त्या ग्लासांकडं बघून आलं.

उरतो तो भात

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि खाण्याचं समजावून सांगितलं. भात, भाकरी, चपाती, साबुदाणा, बटाटा, गूळ. पोटात गेलं की शेवटी सगळ्याची साखरच होते, म्हणाल्या. त्याच्या जागी अंडी, दही, ताक, मासे, पालेभाज्या, शेंगदाणे, वाटीभर घट्ट डाळ. आणि बजावून सांगितलं, "खाणं बदललं की गोळ्याही बदलाव्या लागतात. त्या मी बदलणार, तुम्ही नाही. पंधरवड्यात परत यायचं."

ऐकायला सोपं वाटलं. घरी आल्यावर कळलं की आमच्या घरात बाईला हे खाता येत नाही.

असं बघा. आधी पुरुष जेवतात, मग पोरं, मग आत्याबाई. कालवणातले मासे, अंडी, घट्टघट्ट भाजी तोवर संपते. कुणी मुद्दाम संपवत नाही, पण संपते. शेवटी आम्ही दोघी जावा बसायचो तेव्हा पातेल्यात रस्सा आणि टोपात भात. भात कधी संपायचा नाही, कारण भात आमच्या खाचरातला. रातचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा, तो पण आम्हीच खायचा. इतकी वर्षं मी असंच जेवले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "साखरंचा रोग शेरातल्या बसून खाणाऱ्यांना व्हतो. तुला कसा झाला?" मग माझ्या मशीनकडं बघून म्हणाल्या, "व्हय, तू बी बसूनच असतीस म्हना."

ह्यांनी दुसऱ्या दिवशी नसरापूरहून अंड्यांचा अख्खा ट्रे आणला आणि ओट्यावर ठेवला. तीन दिवसांत ट्रे रिकामा. पोरांनी खाल्ली, दादांनी खाल्ली, पाहुणे आले त्यांनी खाल्ली. मला दोन मिळाली.  स्वतःच्या तोंडानं "माझी अंडी ठेवा" म्हणायची लाज वाटत होती.

अक्कानं ते पाहिलं. पुढचा ट्रे आला तसा तिनं तो परस्पर पिठाच्या डब्यामागं ठेवला आणि मला म्हणाली, "शोभे, ह्यो तुजा. कुनी इचारलं तर मला इचाराय सांग."

तिथून पुढं माझं पथ्य अक्कानं चालवलं. मला वेगळ्या पातेलीत भाजी काढून ठेवायची, पुरुषांची पानं मांडायच्या आधी. तांदुळजा, मेथी, दोडका, वांगं, जे असेल ते. ताकाचा तांब्या माझ्या मशीनपाशी आणून ठेवायची. आणि आम्ही दोघी जेवायला बसलो की माझ्या वाटणीचा भात ती आपल्या ताटात ओढायची.

"अगं, टाकून दे की कोंबड्यांना."

"आत्याबाई बघत्यात. भात टाकल्याला बघितला तर उद्या तुज्या खान्यावरनं बोलत्याल. आन् घरचा भात का टाकायचा? म्या खाते."

माझा भात अक्का खात होती. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

खाचरात

पंधरवड्यानं भोरला जायचं होतं, तेवढ्यात भाताची लावणी आली. लावणीच्या दिवसांत आमच्याकडं शिलाई बंद, सगळ्या बायका चिखलात. मी मनाशी म्हटलं, एवढी लावणी होऊ दे, मग जाऊ. गोळ्या नेमानं घेत होते, भात बंद होता, बरं वाटत होतं. आणखी काय पाहिजे?

दुपार टळायच्या सुमाराला वाकून रोप लावता लावता माझे हात थरथरायला लागले. पाऊस अंगावर पडत होता आणि मला घाम फुटला होता. शेजारच्या बाईचा आवाज लांबून आल्यासारखा. गुडघे चिखलात टेकले ते मला कळलंच नाही.

अक्का पलीकडच्या ओळीत होती. तिनं रोपाची पेंडी टाकली आणि धावत आली. बांधावर किटलीत बायांचा चहा होता, पाकासारखा गोड. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तो थंड चहा घोट घोट माझ्या तोंडात घातला. मी नको म्हणत होते, "साखर आहे... साखर आहे..." ती ओरडली, "गप पी! तोंड बघ पांडरं पडलंय. साखरनं मरशील तवा मरशील, आत्ता पी."

थोड्या वेळानं मी उठून बसले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी टेम्पोतून मला भोरला नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. "भात बंद आणि गोळी पहिलीच. साखर खाली जाणार नाही तर काय होईल? सांगितलं होतं ना परत या म्हणून? जावेनं चहा दिला नसता तर?" त्यांनी एक गोळी कमी केली आणि साखर मोजायचं छोटं मशीन घ्यायला लावलं. म्हणून सांगते, भात-भाकरी सोडायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळ्या चालू असताना आपल्या मनानं सोडू नका.

श्रावण

आमच्याकडं श्रावणात अंडं घरात येत नाही. आत्याबाईंनी आदल्या दिवशीच जाहीर केलं. महिनाभर मी काय खाणार? उपास म्हटला की साबुदाणा आणि भगर, ते मला चालत नाही. मी रडकुंडीला आले. ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "आईला कोण सांगणार?"

अक्कानं सांगितलं. पडवीत तीन विटा मांडल्या, जुना तवा घेतला आणि आत्याबाईंच्या समोर उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांना उलटून बोललेली मी पाहिली नव्हती.

"आत्याबाई, शोभा औशद म्हनून खातीया. सयपाकघरात अंडं येणार न्हाई, ह्या हितं पडवीत व्हईल. पाप लागलं तर मला लागू द्या."

आत्याबाई चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी पडवीत येऊन म्हणाल्या, "चूल तरी नीट मांड. समदा धूर घरात येतोय."

मी श्रावणभर पडवीत बसून अंड्याची पोळी खाल्ली. अक्काचे मात्र सोमवार, शनिवार, एकादशी सगळं चालू. उपासाला साबुदाण्याची खिचडी, सोडताना भात आणि गोड.

कौतुक

दिवाळीपर्यंत माझं अंग उतरलं. ब्लाउज ढगळ झाले ते मीच आत घेतले. जिना चढताना धाप लागायची ती गेली. साखर आटोक्यात आली, आणखी एक गोळी कमी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असे पेशंट मला रोज मिळू देत." डोळ्याच्या पडद्यावर झालं होतं तेवढंच राहिलं, वाढलं नाही. बारीक कामाला आजही मला दिवसाचा उजेड लागतो, गडद कापडावर काळा दोरा मी घेत नाही. पण दिसतं.

मी हरखून गेले होते. लग्नातली पैठणी कपाटातून काढून नेसून बघितली. वर्षानुवर्षं मला कुणी बारीक म्हटलं नव्हतं.

आणि अक्काही बारीक होत होती.

तिचे गाल बसले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. लोक म्हणायचे, "शोभाच्या नादानं अक्कानं बी डायट धरलं वाटतं!" आत्याबाईसुद्धा कौतुकानं म्हणाल्या, "दोगी बी कशा चवळीच्या शेंगंवानी झाल्यात." पुढच्या जत्रेत आमच्या दोघींचा एक फोटो काढलेला आहे, एकसारख्या साड्या, एकसारख्या सडपातळ, दोघी हसतोय. कुणालाही वाटावं की दोघींचं छान चाललंय.

दोघी वाळत होतो. मी बरी होत होते म्हणून, आणि ती आजारी होती म्हणून. भात माझ्या वाटणीचाही खाणारी बाई कशी वाळेल, हा साधा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. मला पडायला हवा होता. मला तर सगळ्या खाणाखुणा पाठ झालेल्या. तिला सारखी तहान लागायची. मी म्हणायचे ऊन आहे. ती तळपायाला मुंग्या येतात म्हणायची; मी म्हणायचे चिखलात उभी राहतेस.

नाही म्हणायला एकदा मी साखरेचं मशीन घेऊन तिच्यापुढं बसले होते. "आण गं अक्का बोट, तुझी पण बघू."

तिनं हात पदरात ओढून घेतला. "मला काय धाड भरलीया? जा तिकडं. त्या सुईचं बघूनच माजं काळीज उडतंय."

"अगं, मुंगी चावल्यासारखं होतं."

"असू दे. तुजं बघ तू. मी पडले तर ह्या घरातली चूल कोन पेटवील?"

मी हसले आणि मशीन डब्यात ठेवलं. त्या दिवशी मी तिचा हात धरून ओढला असता तर ती चिडली असती, दोन दिवस अबोला धरला असता. तेवढंच झालं असतं.

धसकट

पुढच्या वर्षी सुगीला भात कापून झाला होता. अक्का अनवाणीच पेंढा उचलत होती, आम्ही सगळ्या तशाच वावरतो. संध्याकाळी पाय धुताना मला तिच्या पायाच्या बोटांखाली रक्त दिसलं. भाताचं धसकट चांगलं बोटभर आत शिरलं होतं.

मी म्हटलं, "अगं बाई! दुखत नाही का?"

ती वाकून बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तशी. म्हणाली, "न्हाई की गं. कळलंच न्हाई."

 मी आत जाऊन साखरेचं मशीन आणलं आणि या वेळी विचारलं नाही. आकडा दिसायच्या जागी मशीननं नुसती अक्षरं दाखवली, मोजता येणार नाही इतकी साखर वर असली की ते दाखवतं तशी.

दुसऱ्या दिवशी तिला भोरला नेलं, तिथून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तोवर पाय सुजून लाल झाला होता आणि तिला ताप भरला होता. तिथला तरुण डॉक्टर विचारत होता, "आजी, शुगर किती वर्षांपासून आहे?" अक्का काही आजी नव्हती, माझ्याहून थोडीशीच मोठी.

अक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली, "शुगर मला न्हाई. तिला हाय."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. 

आधी पायाची बोटं काढली. वाटलं, तेवढ्यावर भागेल. भागलं नाही. मग गुडघ्याच्या खालून पाय काढावा लागेल म्हणाले. दादा कागदावर सही करायला तयार होईनात. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिले. एवढा दांडगा माणूस, पण नुसते म्हणत होते, "ती चालल कशी? ती चालल कशी?" शेवटी अक्कानंच त्यांना आत बोलावलं.

"सही करा. पाय गेला तर गेला, जीव ऱ्हाईल असं डाक्टर म्हनत्यात."

वॉर्डातले दिवस

तिच्यासोबत मीच राहिले. हे सकाळी डबा आणून द्यायचे आणि टेम्पो घेऊन कामाला जायचे. वॉर्डातला दिवस ठरलेला. उजाडलं की सिस्टर साखर मोजायला, मग इन्सुलिन, मग चहा, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची गाडी दारात वाजली की सगळ्या वॉर्डाचं बोलणं थांबायचं. अक्का माझा हात इतका घट्ट धरायची की माझ्या बांगड्या पिचायच्या. मी त्या काढूनच ठेवल्या.

बोटाला सुई टोचायची तिला आता भीती राहिली नव्हती. सिस्टर आली की आपण होऊन बोट पुढं करायची. मला ते बघवत नसे.

शेजारच्या खाटेवर नसरापूरकडची एक म्हातारी होती. तिची सून घरून शेंगदाण्याची ओली चटणी आणायची आणि आम्हालाही द्यायची. वॉर्डातल्या मावशी अक्काचे केस विंचरून द्यायच्या, कुणी सांगितलेलं नसताना. म्हणायच्या, "केस नीट असले की बाईला बरं वाटतं." अशी माणसं भेटली म्हणून ते दिवस निघाले.

एकदा दुपारी तिला झोप लागलीय असं वाटून मी खिडकीपाशी उभी राहून रडत होते. मागून तिचा आवाज आला.

"रडतीस कशापायी?"

"तू माझा भात खात होतीस अक्का. रोज. मी बघत होते."

 ती म्हणाली, "तुज्या भातानं काय झालं न्हाई. म्या जन्मभर खाल्लाय तो. आपल्या आया बी तेच खात हुत्या." मग म्हणाली, "पर तवा तू मला दोन शिव्या घालून बोट घ्यायला पायजे हुतं, शोभे."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आता

अक्का घरी आली त्याला आता बराच काळ लोटला. लाकडी पाय बसवून बघितला, पण जखमेच्या जागी घासतो, म्हणून ती तो फारसा लावत नाही. कुबडी घेऊन घरात फिरते, बाहेर जायचं तर खुर्ची. शेतात ती गेलेली नाही. लावणीच्या दिवसांत सगळ्या बाया गेल्या की ओसरीवर बसून खाचराकडं बघत राहते. मी त्या वेळी तिच्याशी बोलत नाही.

आता आम्ही दोघी एकच खातो. ह्या जेवणात तिचं मन रमलेलं नाही. मला या खाण्यानं नवं अंग दिलं, तिला ती शिक्षा वाटते. घरात नव्या तांदळाचा वास सुटला की ती उठून पडवीत जाते. कधी कधी चिडते, ताट सरकवते, "मला घासभर भात द्या गं," म्हणते. डॉक्टरीणबाईंना विचारून सणावाराला दोन घास देते मी. ती ते इतके हळू खाते की मीच बाजूला होते.

तिची साखर बरीच खाली आली आहे. इन्सुलिन कमी झालं, पूर्ण सुटलेलं नाही. माझीही एक गोळी आहे आणि राहील. ह्या खाण्यानं चमत्कार होतो असं मी सांगणार नाही. वेळेत सुरू झालं तर खूप काही वाचतं, एवढं मी दोन शरीरांवर बघितलं आहे. एक वाचलं, एक निम्मं.

आत्याबाई आता अक्काचं पान सगळ्यांच्या आधी मांडतात. न सांगता मांडतात. पहिल्या दिवशी अक्काला घास गिळेना.

उपकेंद्राच्या दारात

गेल्या महिन्यात आमच्या उपकेंद्रात साखर तपासायला सिस्टरबाई येणार असं कळलं. मी आळीतल्या बायांना सांगत फिरले. सगळ्या "येतो की" म्हणाल्या. मला माहीत होतं, कुणी येणार नाही. सकाळी कुणाचं दळण, कुणाची शेतातली भांगलण, आणि सुईची भीती.

अक्का म्हणाली, "मला टेम्पोत बशीव."

ह्यांनी तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. टेम्पो आळीतून हळूहळू नेला आणि ती प्रत्येक दारासमोर नाव घेऊन हाक मारत गेली. "ये पारू! ये शांते! बस मागं." अक्काला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. हातातली कामं टाकून बाया मागच्या हौद्यात चढल्या.

उपकेंद्राच्या दारात मात्र सगळ्या घुटमळल्या. मंदा पुढं होती, आमच्या शेजारची, जेमतेम पस्तिशीची. तिचं अंग गेल्या वर्षभरात उतरलेलं मी पाहिलं होतं. ती म्हणाली, "वैनी, आज नगं. माजा आज उपास हाय."

मी काही बोलायच्या आत टेम्पोतून अक्काचा आवाज आला. तिनं दार उघडलं होतं आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली होती. इतक्या महिन्यांत तिनं तो पाय घराबाहेर कुणाला दाखवला नव्हता.

"मंदे, हिकडं बघ. बघितलास? मला बी उपास हुता, मला बी काम हुतं. आता जा आन् बोट पुढं कर."

 मंदानं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तिच्यामागं पारू, मग शांता, मग बाकीच्या.

आत सिस्टरबाईंनी एवढी गर्दी बघून विचारलं, "तुम्हा सगळ्यांना घेऊन कोण आलं?"

मी दाराबाहेर टेम्पोकडं हात केला. अक्का साडी खाली सारून पाय झाकत होती.